पडवीतलं लोकर-कापडाचं दुकान बाजारात हलवावं का?

पागोळी | १२ मे, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज दुकान आवरून, मागचं सगळं झाकपाक करून बसले आहे.

वेंगुर्ल्यापासून पाच किलोमीटरवर आमचं गाव. सहा वर्षांपूर्वी घराच्या पडवीत लोकर, क्रोशाचा दोरा, ब्लाउजपीस, अस्तर, फॉल आणि मीटरवर कापड असं दुकान सुरू केलं. पडवी १० बाय १४ फूट. एका भिंतीला ताके, दुसरीला लोकरीचे कप्पे, मधे कापड मोजायचं टेबल. त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर धाकटीची वह्या-पुस्तकं. ती जूनपासून दुसरीत, थोरला दहावीत. ह्यांची नोकरी सावंतवाडीला, सकाळी साडेआठला निघतात ते रात्री आठला येतात. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार, पण बसल्या बसल्या कुंची दोन दिवसांत पुरी करतात.

अडचण अशी की घरातल्या दुकानाला वेळ नसते. दुपारी अडीचला सासूबाईंचा डोळा लागलेला असतो आणि बाहेरून हाक येते, "वहिनी, एकच रीळ हवं होतं." रात्री नऊला भाकरी तव्यावर असताना कुणी साडी घेऊन येतं, मॅचिंग अस्तर दाखवा म्हणून. ट्यूबलाइटखाली मॅचिंग करून दिलं की सकाळी रंग वेगळा दिसतो आणि तुकडा परत येतो. नाही म्हणावं तर ही सगळी ओळखीची माणसं.

आता वेंगुर्ल्याच्या बाजारात एक गाळा मिळतोय. अनामत ५० हजार, भाडं ७,५००. मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत. घ्यावा का? ज्यांनी दुकान आणि घर दोन्ही सांभाळलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

---

रातांबा | १२ मे, रात्री ११.४८

घ्या. बाजारातला गाळा पुन्हा मिळत नाही. गावात ओळखीचं गिऱ्हाईक येतं, बाजारात अनोळखी येतं, आणि धंदा अनोळखी गिऱ्हाइकावर वाढतो.

---

खातेवही | १३ मे, सकाळी ७.०५

आधी कागद-पेन्सिल घ्या. भाडं ७,५००, वीज साधारण १,२००, मदतीला मुलगी ठेवली तर तिचे ६,०००. झाले १४,७००. लोकर-कापडात विक्रीवर सरासरी २५ टक्के सुटतात असं धरू. म्हणजे हा खर्च नुसता भरून काढायला दर महिन्याला ५८,८०० रुपयांची जास्तीची विक्री हवी. आत्ता महिन्याला विक्री किती होते? ते कळल्याशिवाय घ्या किंवा नको, काहीच सांगता येणार नाही.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. एखाद-दोन कामगारांच्या छोट्या दुकानासाठी ऑनलाइन सूचना दिली की पुरतं, जुन्या गुमास्त्यासारखं लायसन्स लागत नाही. वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातच विकत असाल तर जी.एस.टी. नोंदणीचीही सक्ती नाही.

---

पागोळी | १३ मे, दुपारी ३.१५

खातेवही, तुमचा आकडा बघून पोटात गोळा आला. माझी विक्री महिन्याला सरासरी ४५ ते ५० हजार. ती सारखी नसते. मे महिन्यात लग्नं आणि चाकरमानी, जूनला युनिफॉर्मचं कापड, श्रावणात खण, गणपतीच्या आधी मखराचं कापड आणि झालरी. तेव्हा ९० हजारांवर जाते. पितृपक्षात मात्र पूर्ण आठवड्यात चार रिळं खपतात.

---

माडाखाली | १३ मे, रात्री ९.३०

गो बाय, बाजारात गेलंस की भाडा दर म्हयन्याक भरूक व्हया, गिराईक येवंदे नायतर नको येवंदे. ह्या खरा. पण माझ्या आवशीन आयुष्यभर घरातसून दुकान चालवल्यान. ताटार बसलेली बाय अर्धो घास टाकून उठताना मियां बघितलंय. एकदा नाय, रोज. गाळो घे. पडवी घराची.

---

चाकरमानी_डोंबिवली | १३ मे, रात्री १०.१०

माडाखाली, शेवटचं वाक्य वाचून घरची आठवण आली.

एक प्रश्न मनापासून विचारतो. कोकणात लोकर घेतं कोण? आमच्या गावी जानेवारीतसुद्धा पहाटेला एक चादर पुरते.

---

सुईदोरा | १४ मे, सकाळी ११.००

चाकरमानीदादा, याचं उत्तर मी देते. मालवणात माझंही असंच छोटं दुकान आहे, अकरा वर्षं झाली.

लोकर थंडीसाठी जाते त्याहून जास्त बाळांसाठी जाते. बाळ पावसाळ्यात झालं की कुंची, मोजे, स्वेटर हवाच. शिवाय रुखवताची तोरणं, देव्हाऱ्याचे रुमाल, फोनची पाकिटं, आणि हल्ली मॅक्रमेची दोरी. पुण्या-मुंबईच्या मुलींना बाळंतपणाला माहेरी आल्यावर हात रिकामे नको असतात, त्या शिकायला बसतात. माझी निम्मी लोकर अशीच जाते.

यातच एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरांत बाळाला आंघोळीनंतर धुरी देतात, शेक देतात. बाजारात 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. अॅक्रिलिक पेटलं तर वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर किंवा सुती दोरा वितळत नाही. मी गिऱ्हाइकासमोर दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून दाखवते. खरी लोकर जळलेल्या केसांसारखी वासते आणि तिची राख बोटात चुरते. अॅक्रिलिकचा काळा, कडक मणी होतो. तो मणी हातावर ठेवला की बाळाची आजी पुढे काही विचारत नाही, सुती दोरा मागते. सुती दोऱ्यात मला कमी सुटतात. तरीही धुरीच्या घरात मी अॅक्रिलिकची कुंची देत नाही.

पागोळी, तुझ्या प्रश्नावर सवडीने लिहिते. आणि एक विचारायचं होतं: तुझ्याकडे मोरपंखी रंगाच्या चार पदरी अॅक्रिलिकमध्ये लॉट ३१७ (एकाच वेळी रंगवलेला माल) शिल्लक आहे का? एका ताईंचं शालीचं काम एका गुंड्यावाचून अडलंय. त्याच रंगाचा दुसरा लॉट लावून बघितला, उन्हात पट्टा उठून दिसतो.

---

पागोळी | १४ मे, दुपारी २.५०

सुईदोराताई, मोरपंखी आहे पण लॉट ४०२ चा. कप्पे आवरताना बघते अजून.

मणी हातावर ठेवायची युक्ती मी उद्यापासून करणार.

---

वाशिष्ठीकाठ | १५ मे, रात्री १२.०५

मी चिपळूणचा. बाजारपेठेत कापडाचं दुकान, वडिलांच्या हातचं. बाजारात जागा घ्या म्हणणाऱ्यांसाठी लिहितो.

२००५ च्या २६ जुलैला पाणी कुठवर आलं त्याची खूण वडिलांनी भिंतीवर तेलाच्या रंगाने मारून ठेवली होती. त्यानंतर चांगले ताके नेहमी त्या खुणेच्या वरच्या फळीवर. २०२१ च्या २२ जुलैला ती खूण बुडाली. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर आत गुडघाभर चिखल, आणि ताके फुगून फळ्यांत असे अडकलेले की ओढून निघेनात. सुती कापड गेलं, चिखलाचा डाग बसतो तो निघतच नाही. सिंथेटिक साड्या धुवून, वाळवून निम्म्या भावात विकल्या. सौ.ने आणि मुलांनी गच्चीवर दोऱ्या बांधून चार दिवस कापड वाळवलं. तेव्हा घर आणि दुकान वेगळं राहिलंच नव्हतं.

त्या वेळी आमचा विमा होता, पण मालाची रक्कम दहा वर्षांपूर्वीची लिहिलेली. माल वाढला, कागद तोच राहिला. चूक आमची. पागोळीताई, तुम्ही पडवीत राहा नाहीतर बाजारात जा, मालाचा विमा घ्या, पूर-वादळ त्यात आहे का ते वाचून घ्या, आणि दर वर्षी मालाची किंमत नव्याने लिहा. छोट्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक अटींची पॉलिसी आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. तिच्याबद्दल विचारा. आणि गाळा बघायला गेलात की शेजारच्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारा, पावसात पाणी कुठवर येतं. मालक सांगणार नाही.

---

रातांबा | १५ मे, सकाळी ८.२०

वाशिष्ठीकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. त्या वेळी आम्ही खेर्डीला मदतीला आलो होतो, दुकानांबाहेर कापडाचे ढीग बघितलेत.

---

घाटमाथा | १५ मे, दुपारी १.००

थोडं अवांतर. पाणी आत न येताही पावसाळा कापडाचा जीव घेतो. माझ्या बहिणीचं राजापुरात दुकान होतं. ऑगस्टमध्ये ताका उघडला की आतल्या घडीवर बुरा. कुणी उपाय सांगेल का?

---

सुईदोरा | १५ मे, संध्याकाळी ६.४०

घाटमाथा, माझे उपाय: कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, मागून वारा फिरला पाहिजे. खालची फळी जमिनीपासून एक फूट वर. ताके उभे ठेवायचे, एकावर एक रचायचे नाहीत. पावसाळाभर बंद कपाटात रात्री जुना पिवळा बल्ब, कापडापासून हातभर लांब. खळ जास्त असलेलं कापड मे महिन्यातच विकून टाकायचं. खळीवर बुरशी धरते आणि कसरही तिच्यासाठीच येते. मांजरपाट तर मी जून ते ऑगस्ट भरतच नाही, गणपतीच्या आधी पंधरा दिवस इचलकरंजीहून मागवते. आंबोलीत दरड आली तर गाडी अडकते, म्हणून ऑर्डर थोडी लवकर.

लोकरीच्या कप्प्यात वेखंडाच्या कांड्या आणि कडुलिंबाचा सुकवलेला पाला.

---

झावळी | १५ मे, संध्याकाळी ७.१५

एवढा खटाटोप कशाला? सरळ डांबरगोळ्या टाकायच्या.

---

निवृत्त_सिस्टर | १५ मे, रात्री ९.५०

झावळी, बाळाच्या कपड्यात आणि लोकरीत डांबरगोळी नको. कळकळीची विनंती आहे. गोळीत नॅफ्थलीन असलं आणि बाळाच्या रक्तात जी-६-पी-डी हे विकर (एन्झाइम) कमी असलं, तर त्या वासाच्या कपड्यांनीसुद्धा लाल पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. मी ३१ वर्षं प्रसूतिगृहात काम केलं. ट्रंकेतून काढलेलं जुनं दुपटं थेट बाळाला गुंडाळायचं नाही, धुवून कडक उन्हात दोन दिवस घालायचं, हे प्रत्येक आजीला सांगत आले. दुकानदारांनीही सांगा. तुमचं ऐकतात.

---

झावळी | १५ मे, रात्री १०.२०

हे खरंच माहीत नव्हतं. सिस्टर, आभार. उद्याच बहिणीला फोन करतो, तिला गेल्या आठवड्यात मुलगी झाली.

---

आबोली | १७ मे, दुपारी ४.३०

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येते. माझं मत इथल्या बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. पागोळी, गाळा घेऊ नकोस.

तू लिहिलंयस, सासूबाई बसल्या बसल्या कुंची करतात. त्या बसतात कुठे? पडवीतच ना? येणारी-जाणारी माणसं, शिकायला आलेल्या मुली, हा त्यांचा सगळा दिवस आहे. माझ्या सासूबाई आमच्या शिवणाच्या दुकानात काजं करायच्या. आम्ही दुकान एस.टी. स्टँडजवळ हलवलं. त्या घरी राहिल्या. वर्षभरात त्यांचं बोलणं कमी झालं. आम्हाला वाटलं वय झालं. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "कोणी येतच नाही, बोलू कुणाशी?" ते मला अजून विसरता येत नाही. आता त्या नाहीत.

ठरावीक वेळेची पाटी लाव. दुपारी १ ते ४ बंद, रात्री ८ नंतर बंद.

---

रातांबा | १७ मे, संध्याकाळी ५.१०

आबोली, तुमचं दुःख समजतं, पण पाटीने काही होत नाही. माझ्या काकूने पाटी लावली होती. लोक पाटीखाली उभं राहून हाक मारायचे. घराचं दार आणि दुकानाचं दार एकच असेल तर पाटी कोण वाचतो?

---

आबोली | १७ मे, संध्याकाळी ५.४०

वाचतात. पहिले दोन महिने उठायचं नाही, मग वाचतात. आपण एकदा उठलो की पाटी संपली. माझ्या आत्ताच्या दुकानात हेच केलं आणि जमलं.

---

सुईदोरा | १८ मे, सकाळी १०.३०

मलाही आबोलीचं पटत होतं. रात्रभर विचार केला आणि एक प्रश्न पडला, जो इथे कुणीच विचारला नाही. पागोळी, मुलांची शाळा कुठे आहे? आणि सासूबाईंना काय हवंय, हे त्यांना विचारलंस का?

---

पागोळी | १८ मे, दुपारी ३.००

ताई, शाळा वेंगुर्ल्यातच. गाळ्यापासून चालत चार मिनिटं.

सासूबाईंना विचारलं नाही. विचारलं तर त्यांना वाटेल त्यांच्यामुळे अडलंय, म्हणून.

---

खातेवही | १८ मे, दुपारी ३.२५

शाळा चार मिनिटांवर? मग धाकटी शाळा सुटली की गाळ्यावर येऊ शकते, ह्यांच्याबरोबर घरी परत. आणि मदतनीस न ठेवता दोन पाळ्यांत दुकान उघडलं तर खर्च ८,७०० वर येतो. म्हणजे जास्तीची विक्री ३४,८०० लागेल. बाजारात ते अशक्य नाही.

---

माडाखाली | १८ मे, रात्री ८.००

सासयेक इचार गो. म्हातारी माणसा गप रवतत म्हणान तेंका काय नको असा नसता.

---

पागोळी | २३ मे, रात्री ११.४०

मंडळी, पाच दिवस लिहायला जमलं नाही. घरात लग्नाची पाहुणेमंडळी होती. आज सगळी गेली.

परवा रात्री सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावता लावता विचारलं. गाळ्याचं सांगितलं, भाड्याचं सांगितलं, आबोलीने लिहिलेलंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी पडवी माका परत दी. सा वर्सां झाली, हय पाय पसरून बसाक गावला नाय."

मला काही सुचेना. सहा वर्षं मी समजत होते की पडवीतल्या माणसांमुळे त्यांचा वेळ जातो. त्यांना माणसं हवी होतीच, पण गिऱ्हाईक नको होतं. गिऱ्हाईक आलं की पाय आखडून, पदर सावरून सरळ बसावं लागतं. दुखऱ्या गुडघ्याने दिवसातून वीस-पंचवीस वेळा. मी रोज टेबलापलीकडून ते बघत होते आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. म्हणाल्या, शेजारच्या बायका गिऱ्हाईक नसताना येतच होत्या पूर्वी, दुकान झाल्यापासून काहीतरी घ्यावं लागेल म्हणून येत नाहीत. आणि पुढे म्हणाल्या, "कुंचीचो दोरो थयसून धाडत जा. सुती धाड."

आबोली, तुझा प्रतिसाद नसता तर मी विचारलंच नसतं. तुझ्या सासूबाईंना जे हवं होतं ते माझ्या सासूबाईंना नको निघालं, पण विचारायचं तुझ्यामुळे सुचलं.

गाळा घेते आहे. सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते साडेसात. मदतनीस नाही. रोज दुपारी घरी येऊन सासूबाईंबरोबर जेवायचं. शनिवारी-रविवारी संध्याकाळी हे बसणार आहेत. मीटर धरायला शिकलेत, पन्हा अजून विचारतात. थोरल्याला दहावीसाठी माजघर मोकळं मिळालं.

वाशिष्ठीकाठ, शेजारच्या दुकानातल्या आजोबांना विचारलं. म्हणाले, मोठ्या पावसात पायरीपर्यंत येतं, आत आलेलं त्यांनी बघितलेलं नाही. तरी खालची फळी दीड फुटावर घेतली आहे, आणि विम्याच्या माणसाला बोलावलंय.

---

खातेवही | २४ मे, सकाळी ६.५०

मनापासून शुभेच्छा. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी करूनच घ्या. आपल्या राज्यात भाडे नियंत्रण कायद्याने लेखी करार आणि नोंदणी बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. अनामतीची पावती वेगळी घ्या.

---

आबोली | २४ मे, सकाळी ९.१५

पागोळी, तुझं वाचून डोळे भरून आले. माझ्या सासूबाईंनाही मी वेळेवर विचारायला हवं होतं. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि पडवीत खाली जाड गादी घाल त्यांच्यासाठी.

---

वाशिष्ठीकाठ | २४ मे, रात्री १०.३०

दीड फूट छान. महत्त्वाचे कागद आणि उधारीची वही दुकानात ठेवू नका, घरी न्या. आमची वही पाण्यात गेली तेव्हा लोकांनी स्वतःहून येऊन पैसे दिले, बाजारपेठेची माणसं चांगली. पण सगळं त्यांना आठवणार कसं?

---

चाकरमानी_डोंबिवली | २५ मे, दुपारी १२.४०

गणपतीला येतोय. मखराचं कापड यंदा पागोळीताईंच्या गाळ्यातूनच. लोकरीचंही बघतो, बहिणीला जुलैत बाळ होणार आहे. धुरी घरात असतेच, त्यामुळे सुती.

---

पागोळी | २९ मे, रात्री १०.५५

आज पडवीतले कप्पे रिकामे केले. सगळ्यात मागच्या कप्प्यात, भिंतीकडच्या कोपऱ्यात, चार पदरी मोरपंखीचा एक गुंडा सापडला. चिठ्ठी बघितली: लॉट ३१७.

सुईदोराताई, वेखंडाचा वास लागलाय त्याला, पण कोरडा आहे, बुरा अजिबात नाही. परवा मालवणच्या एस.टी.ने धाडते. त्या ताईंना शाल उलगडून ठेवायला सांगा.